आरक्लोन एजंटच्या हाती देताना काय लिहून ठेवावं

आरक्लोन हे क्लाउड साठ्यांवर फाइली नेण्या-आणण्याचं साधन. त्याच्या आज्ञेत रिमोटच्या, म्हणजे जोडलेल्या साठ्याच्या, नावापुढची दोन टिंबं (अपूर्णविराम) राहून गेली तर काहीच अडत नाही. हीच खरी अडचण आहे.

आरक्लोन कॉपी /डेटा/संत्री ड्राइव्ह/संत्री

इथे लिहायचं होतं 'ड्राइव्ह:संत्री'. टिंबं नसल्यामुळे आरक्लोन 'ड्राइव्ह' हे त्याच मशीनवरचं साधं फोल्डर समजतं. नसेल तर तयार करतं, सगळ्या फाइली त्यात ओततं आणि एक्झिट कोड ०, म्हणजे 'यशस्वी', देऊन थांबतं. मराठी कीबोर्डवर अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग पडला तरी हेच होतं, आणि तो फरक स्क्रीनवर डोळ्यांना सहज दिसतही नाही. माणूस ब्राउझर उघडतो, ड्राइव्हवर फोल्डर दिसत नाही, चूक लक्षात येते. एजंट, म्हणजे भाषिक मॉडेलवर चालणारा आणि आज्ञा स्वतः चालवणारा मदतनीस, शून्य बघतो आणि 'बॅकअप पूर्ण झाला' असं कळवून पुढच्या कामाला लागतो.

एजंटसाठी माहिती लिहायची ती अशा जागांपासून. कॉपीची आज्ञा कशी असते, फ्लॅग (आज्ञेला जोडायचे पर्याय) कुठे लावतात, हे भाषिक मॉडेलला बऱ्यापैकी ठाऊक असतं. आरक्लोनची अधिकृत माहिती मोठी आहे, चांगली आहे आणि जाळ्यावर उघडी आहे. तुमचे रिमोट कोणते, त्यात काय मोलाचं आहे आणि कोणतं 'यश' खोटं असू शकतं, हे मात्र त्यात कुठेच नाही. ते तुम्हालाच लिहावं लागतं. (या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.)

ज्यांनी आरक्लोन वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: निक क्रेग-वुड यांनी गो भाषेत लिहिलेलं, एमआयटी परवान्याखालचं हे मुक्त साधन आहे. गूगल ड्राइव्ह, ॲमेझॉन एस-थ्री, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, एसएफटीपी असे सत्तरहून जास्त साठे ते एकाच पद्धतीच्या आज्ञांनी हाताळतं. एकच बायनरी, बाकी काही बसवावं लागत नाही, म्हणून एजंटला द्यायला सोयीचं. आणि त्याच कारणानं धोक्याचं, कारण यातल्या कोणत्याही ठिकाणचा डेटा एकाच ओळीत पुसता येतो.

उदाहरणासाठी नागपुरातलं एक छोटं कार्यालय धरू. काटोल रस्त्याकडच्या बागांमधल्या संत्र्यांचे फोटो, कळमना बाजारातल्या आवकेच्या पावत्यांचे स्कॅन आणि शेतकऱ्यांच्या याद्या, एवढा डेटा. तो लिनक्स मशीनला जोडलेल्या यूएसबी हार्ड डिस्कवर, '/डेटा' इथे माउंट केलेला. त्याची एक प्रत सगळ्यांना बघायला गूगल ड्राइव्हवर, दुसरी जपून ठेवायला एस-थ्रीच्या मुंबई रीजनमध्ये. एजंटला दिलेल्या कागदात नेमके हेच रस्ते आणि हीच नावं असावीत. 'सोर्स' आणि 'डेस्टिनेशन' असे पोकळ शब्द टाकून उदाहरणं दिली की एजंट रिकाम्या जागा आपल्या अंदाजानं भरतो.

कागद ठेवायचा कुठे? प्रकल्पाच्या मूळ फोल्डरमध्ये 'एजंट्स डॉट एमडी' नावाची साधी मार्कडाउन फाइल ठेवण्याची पद्धत आता बऱ्याच साधनांना समजते. स्किलच्या, म्हणजे एजंट गरजेपुरतं उघडतो त्या सूचना-संचाच्या, स्वरूपात द्यायचं असेल तर 'स्किल डॉट एमडी'च्या माथ्यावर नाव आणि वर्णन लागतं. एजंटला सुरुवातीला फक्त तेवढंच दिसतं, बाकीचा मजकूर काम आलं तरच उघडला जातो. म्हणून वर्णनात 'आरक्लोनविषयी माहिती' असं न लिहिता 'ड्राइव्ह किंवा एस-थ्रीवर फाइल कॉपी, बॅकअप, पडताळणी किंवा पुसण्याचं काम असेल तर हे आधी वाच' असं लिहावं. मजकूर मराठीत चालतो, पण देवनागरीला टोकन (मॉडेल मजकुराचे करतं ते तुकडे) जास्त लागतात, तेव्हा दोन पानांच्या आत बसवावा.

भाषेबद्दल एक गोष्ट. मराठीत आपण 'शक्यतो सिंक वापरू नये' असं सहज लिहून जातो. माणसाला त्यातला धाक कळतो. एजंटला त्या 'शक्यतो'मध्ये वाट सापडते. 'सिंक चालवायचं नाही. माणसानं याच संभाषणात होकार दिला असेल तरच चालवायचं' असं लिहिलं की अर्थ एकच उरतो. 'जमल्यास', 'सहसा', 'गरज वाटल्यास' हे शब्द कागद लिहून झाल्यावर शोधून काढावेत.

कॉपी आणि सिंक

आरक्लोनची कॉपी फोल्डरच्या आतला माल उचलते, फोल्डर नाही. '/डेटा/संत्री' कॉपी करून 'ड्राइव्ह:बॅकअप' दिलं, तर 'बॅकअप'मध्ये 'संत्री' नावाचं फोल्डर दिसत नाही, त्यातल्या फाइली थेट 'बॅकअप'मध्ये पसरतात. शेवटी तिरकी रेघ दिली किंवा नाही, आरसिंक या दुसऱ्या कॉपी-साधनासारखा फरक इथे पडत नाही. एजंट आरसिंकच्या सवयीनं रेघ काढतो किंवा जोडतो आणि काहीतरी बदललं असं समजतो. म्हणून कागदात एकच नियम: फोल्डरचं नाव दोन्ही बाजूंना पूर्ण लिहायचं.

आरक्लोन कॉपी /डेटा/संत्री/आंबिया-२०२५ ड्राइव्ह:संत्री/आंबिया-२०२५

एकाच फाइलचं नाव बदलून ती पाठवायची असेल तर 'कॉपी' नाही, 'कॉपीटू'. 'आरक्लोन कॉपी दर.सीएसव्ही ड्राइव्ह:दर-नवा.सीएसव्ही' असं दिलं तर 'दर-नवा.सीएसव्ही' नावाचं फोल्डर तयार होतं आणि मूळ फाइल त्यात जाऊन बसते. इथेही कोड शून्यच.

आता सिंक. कॉपी लक्ष्यातलं काही पुसत नाही. सिंक लक्ष्य हुबेहूब स्रोतासारखं करतं, म्हणजे स्रोतात नाही ते लक्ष्यातून काढतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरीही इथेच डेटा जातो, कारण स्रोत रिकामा असेल हे कुणाच्या डोक्यात नसतं.

नागपूरचा मे महिना बघा. पारा ४५ अंशांवर, दुपारी सगळे कूलर चालू, वीज जाते आणि येते. मशीन पुन्हा चालू होतं, पण यूएसबी डिस्क माउंट होतेच असं नाही. '/डेटा' हे फोल्डर मात्र असतंच, कारण तो माउंटचा खुंटा आहे. फक्त आत काही नसतं. रात्री एजंट सिंक चालवतो. स्रोत अस्तित्वात आहे, वाचता येतो, चूक कुठलीच नाही. आरक्लोन निष्ठेनं लक्ष्यही रिकामं करतं. फोल्डरच नसतं तर 'डिरेक्टरी नॉट फाउंड' म्हणून कोड ३ आला असता आणि काही पुसलं गेलं नसतं. वाचताना चुका आल्या असत्या तरी आरक्लोननं पुसण्याचा टप्पा टाळला असता. रिकाम्या फोल्डरबद्दल त्याची तक्रार नसते.

एस-थ्री स्रोत असेल तर हा धोका आणखी जवळ येतो. एस-थ्रीमध्ये खरी फोल्डरं नसतात, नुसते नावांचे उपसर्ग असतात. त्यामुळे अस्तित्वात नसलेल्या रस्त्याची यादी मागितली तरी चूक येत नाही, रिकामी यादी येते. 'आंबिया-२०२५'ऐवजी एजंटनं 'अंबिया-२०२५' टाइप केलं आणि एस-थ्रीवरून डिस्ककडे सिंक चालवलं, तर डिस्कवरचं फोल्डर साफ. एका कान्याचा फरक.

यावर कागदात चार कुंपणं लिहावीत, आणि का लिहिली तेही प्रत्येकापुढे अर्ध्या ओळीत द्यावं. कारण दिलेलं असलं की एजंट नव्या प्रसंगातही तो नियम बरोबर लावतो.

पहिलं: सिंकच्या आधी स्रोत मोजायचा. 'आरक्लोन साइझ /डेटा/संत्री --जेसन' ही आज्ञा फाइलींची संख्या आणि एकूण बाइट देते. लक्ष्याचीही तीच मोजणी घ्यायची. स्रोतातली संख्या लक्ष्यापेक्षा बरीच कमी असेल तर थांबायचं आणि विचारायचं. 'बरीच' म्हणजे किती, ते आकड्यात लिहा. पावत्यांच्या फोल्डरमधून कधी काही काढायचंच नसतं, तिथे हा आकडा शून्य.

दुसरं: डिस्कच्या मुळाशी एक खुणेची फाइल ठेवायची, समजा 'डिस्क-आहे.टीएक्सटी'. ती दिसली नाही तर पुढे काहीच करायचं नाही. इतकी साधी गोष्ट, पण माउंट न झालेली डिस्क ओळखायला याहून खात्रीचं काही नाही.

तिसरं: '--मॅक्स-डिलीट २०'. याबद्दल एक गैरसमज फार दिसतो. ही मर्यादा ओलांडली जाणार असं आधी मोजून आरक्लोन थांबत नाही. ते पुसत जातं आणि मर्यादा संपली की घातक चूक देऊन थांबतं. म्हणजे वीस फाइली गेलेल्याच असतात. म्हणून ते एकटं पुरत नाही.

चौथं: '--बॅकअप-डिर ड्राइव्ह:काढलेले/२०२५-१०-१४'. पुसायच्या किंवा बदलायच्या फाइली तिथे हलवल्या जातात. हे फोल्डर लक्ष्याच्याच रिमोटवर हवं आणि लक्ष्याच्या आत नको. एजंट हमखास ते 'ड्राइव्ह:संत्री/काढलेले' असं आत ठेवतो, मग आरक्लोन ओव्हरलॅपची तक्रार करून थांबतं, मग एजंट फ्लॅगच काढून टाकतो आणि पुन्हा चालवतो. हा शेवटचा टप्पा सगळ्यात वाईट. कागदात स्पष्ट लिहावं: कुंपणाचा फ्लॅग चूक देत असेल तर फ्लॅग काढायचा नाही, रस्ता दुरुस्त करायचा.

आणि ड्राय-रन. '--ड्राय-रन' लावलं की आरक्लोन काय केलं असतं ते ओळीओळीनं सांगतं. ओळ अशी दिसते:

नोटीस: पावत्या/कळमना-०३१.जेपीजी: स्किप्ड डिलीट ॲज --ड्राय-रन इज सेट

यात 'स्किप्ड कॉपी' आणि 'स्किप्ड डिलीट' हे दोन शब्दप्रयोग वेगळे मोजायचे, आणि '--बॅकअप-डिर' लावलेलं असेल तर 'डिलीट'च्या जागी 'स्किप्ड मूव्ह इनटू बॅकअप डिर' येतं, एवढं एजंटला सांगितलं की पुरे. हजारो फाइलींचा ड्राय-रन सरळ संभाषणात आला तर एजंट एका वेळी ध्यानात ठेवू शकतो ती जागा भरून जाते आणि डिलीटच्या तीन ओळी त्या गर्दीत हरवतात. म्हणून आउटपुट फाइलमध्ये, आणि त्यातून फक्त 'स्किप्ड डिलीट' आणि 'स्किप्ड मूव्ह'च्या ओळी गाळून बघायच्या. या ओळी मानक आउटपुटवर येत नाहीत, चुकांच्या प्रवाहात येतात. नुसतं '>' हे चिन्ह वापरून आउटपुट फाइलकडे वळवलं तर फाइल रिकामी राहते आणि एजंट 'डिलीट शून्य' असा निष्कर्ष काढतो. '--लॉग-फाइल' दिलं की हा प्रश्न येत नाही.

'--इंटरॲक्टिव्ह' हा फ्लॅग माणसासाठी उत्तम आहे. एजंटसाठी नाही. तो प्रश्न विचारून उत्तराची वाट बघतो, उत्तर कुणी देत नाही, साधनाची वेळ संपते.

कोड आणि आउटपुट

एक्झिट कोडांची नुसती यादी देण्यात अर्थ नाही, ती अधिकृत माहितीत आहेच. प्रत्येक कोडावर एजंटनं काय करायचं ते लिहावं. ३ आणि ४ म्हणजे फोल्डर किंवा फाइल सापडली नाही: पुन्हा चालवायचं नाही, वरच्या पातळीची यादी घेऊन नाव तपासायचं. ५ म्हणजे तात्पुरती अडचण: थोडं थांबून एकदाच पुन्हा. एकदाच का, तर आरक्लोन मुळातच अख्खं काम तीनदा आणि प्रत्येक बारीक विनंती दहादा करून बघतं. त्यावर एजंटनं आणखी पाच फेऱ्या मारल्या तर साठेवाला खातं काही काळ रोखू शकतो. ७ म्हणजे घातक चूक, पुन्हा करून सुटणार नाही: थांबायचं, लॉगच्या शेवटच्या ओळी माणसाला दाखवायच्या. ८ म्हणजे '--मॅक्स-ट्रान्सफर'ची मर्यादा गाठली, १० म्हणजे '--मॅक्स-ड्युरेशन'ची. या दोन्ही वेळी काम अर्धवट आहे, बिघडलेलं नाही. तीच कॉपी पुन्हा दिली की उरलेलं पुढे जातं, कारण आकार आणि बदलाची वेळ जुळणाऱ्या फाइली आरक्लोन सोडून देतं.

आणि ९ हा कोड वाया घालवू नये. एरवी एकही फाइल गेली नाही तरी शून्यच येतो. '--एरर-ऑन-नो-ट्रान्सफर' लावलं तर अशा वेळी ९ येतो. रोज नव्या पावत्या यायलाच हव्यात अशा फोल्डरसाठी हा फ्लॅग कायम लावावा. रविवारी बाजार बंद असेल तर ९ येणं बरोबर आहे, तेही कागदात लिहावं.

'-पी' हा प्रगती दाखवणारा फ्लॅग एजंटनं वापरायचा नाही. तो दर अर्ध्या सेकंदाला स्क्रीन पुन्हा रंगवतो आणि तेवढा सगळा कचरा संभाषणात येतो. त्याऐवजी '--स्टॅट्स-वन-लाइन', '--स्टॅट्स ५एम' आणि '--यूज-जेसन-लॉग'. आकडेवारीच्या ओळी मूळ स्थितीत माहितीच्या पातळीवर असतात, म्हणून '-व्ही' किंवा '--स्टॅट्स-लॉग-लेव्हल नोटीस' लावल्याशिवाय त्या दिसतच नाहीत. एजंटला वाटतं काम अडकलं, तो ते मारून पुन्हा सुरू करतो. मोठं काम मागे सोडून लॉग फाइल वाचत राहायचं, हे त्याला उदाहरणासकट दाखवावं.

यादीसाठी 'एलएस' नको. 'एलएस' आपोआप सगळ्या पोटफोल्डरांत उतरतं, 'एलएसएफ' आणि 'एलएसजेसन' मात्र '-आर' दिल्याशिवाय उतरत नाहीत. एजंट एकाचा अनुभव दुसऱ्याला लावतो. एकच निवडावं. मी 'एलएसजेसन' निवडेन, त्यात नाव, आकार, वेळ आणि फोल्डर आहे की नाही हे वेगवेगळ्या रकान्यांत येतं.

'शेतकऱ्यांची यादी'

हा भाग इंग्रजी माहितीत मिळणार नाही, आणि मराठी नावांच्या फाइलींसाठी तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

'शेतकऱ्यांची' हा शब्द संगणकात तीन प्रकारे साठू शकतो आणि तिन्ही स्क्रीनवर अगदी सारखे दिसतात. एकात 'ऱ' हे एकच अक्षर असतं, यू+०९३१. दुसऱ्यात 'र' आणि त्याखाली नुक्ता अशी दोन अक्षरं. तिसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे. पहिल्या प्रकारात शब्द ३३ बाइटांचा होतो, उरलेल्या दोन्हींत ३६ बाइटांचा. पहिला आणि दुसरा युनिकोडच्या नियमानं समान आहेत, आणि आरक्लोन सिंक-कॉपीच्या वेळी नावं जुळवताना हे सामान्यीकरण स्वतःच करतं. तिसरा मात्र युनिकोडच्या लेखी वेगळाच शब्द आहे. एका मशीनवर एका कीबोर्डनं आणि दुसऱ्या मशीनवर दुसऱ्या कीबोर्डनं टाइप केलेली 'शेतकऱ्यांची यादी' ड्राइव्हवर शेजारी शेजारी दोनदा दिसते, आणि कुणाला कळत नाही का.

एजंटच्या बाबतीत हे आणखी बिघडतं, कारण तो नाव यादीत वाचतो आणि आज्ञेत नव्यानं लिहितो. लिहिताना तो आपल्या सवयीचा प्रकार लिहितो. मग 'सापडलं नाही', कोड ३ किंवा ४. किंवा एस-थ्रीवर नुसती रिकामी यादी.

म्हणून नियम असा: देवनागरी नाव एजंटनं स्वतः टाइप करायचं नाही. 'एलएसएफ'चं आउटपुट फाइलमध्ये घ्यायचं, हव्या त्या ओळी गाळणीनं वेगळ्या करायच्या आणि ती फाइल '--फाइल्स-फ्रॉम-रॉ'ला द्यायची. साधं '--फाइल्स-फ्रॉम' नको. ते ओळींच्या कडेच्या मोकळ्या जागा छाटतं आणि '#' किंवा ';'नं सुरू होणाऱ्या ओळी टिप्पणी समजून सोडतं. 'रॉ' जसं आहे तसं घेतं. फोल्डरांची नावं मात्र आज्ञेत येणारच, तेव्हा नवी फोल्डरं काढताना 'ऱ्य', 'ऱ्ह' असलेले शब्द टाळले तर पुढचा त्रास वाचतो.

लांबीचंही भान हवं. युटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, मात्रा आणि अनुस्वारसुद्धा. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा, म्हणजे ८५ चिन्हं. आरक्लोनचं क्रिप्ट वापरून नावंही कूटबद्ध केली तर मर्यादा सुमारे १४३ बाइटांवर येते, म्हणजे फक्त ४७ चिन्हं. 'कळमना बाजार समिती आंबिया बहार आवक पावत्या ऑक्टोबर २०२५' एवढं नाव तिथे बसत नाही. चूक कॉपी करताना येते, आणि ती एकाच फाइलपुरती असल्यामुळे लॉगच्या मध्येच कुठेतरी पडलेली असते.

गाळण्या, वेग, गुपितं

गाळण्यांबद्दल दोनच गोष्टी. '--इन्क्लूड' आणि '--एक्सक्लूड' एकाच आज्ञेत मिसळायचे नाहीत, त्यांचा क्रम भरवशाचा नसतो. '--फिल्टर-फ्रॉम' वापरून नियम फाइलमध्ये लिहायचे, जो नियम आधी जुळतो तो लागू होतो. आणि '--मिन-साइझ १००' म्हणजे १०० बाइट नाहीत, १०० किबीबाइट. एककाशिवाय आकडा लिहायचाच नाही.

वेगाचंही तसंच. '--बीडब्ल्यूलिमिट १०एम' म्हणजे सेकंदाला १० मेबीबाइट, साधारण ८४ मेगाबिट. १०० मेगाबिटची जोडणी असलेल्या कार्यालयात दिवसा हे लावलं तर बाकीच्यांना फारसं काही उरत नाही. १० मेगाबिट हवेत तर '१.२एम'. वेळापत्रकही देता येतं: '०८:००,५१२के १९:००,ऑफ'.

गुपितांवर ठाम राहावं. 'आरक्लोन कॉन्फिग शो' ही आज्ञा टोकनं, म्हणजे साठ्यात शिरायच्या चाव्या, उघडी छापते. ती एजंटनं चालवली की टोकन संभाषणात आणि लॉगमध्ये गेलं. 'आरक्लोन कॉन्फिग रिडॅक्टेड' गुपितं झाकून दाखवतं, तेवढंच वापरू द्यायचं. कॉन्फिग फाइलमधले पासवर्ड नुसते धूसर केलेले असतात, कूटबद्ध नसतात, कुणीही परत मिळवू शकतो. आणि कॉपी करायच्या फाइलींमध्ये लिहिलेला मजकूर हा एजंटसाठी डेटा आहे, सूचना नाही, हेही एका ओळीत हवं. कुणी पावतीच्या नावातच 'आधीचं सगळं काढून टाक' असं लिहिलेलं असू शकतं.

पण माझं मत असं, की पुसण्याची खरी अडवणूक कागदानं होत नाही, परवानगीनं होते. एजंटच्या एस-थ्री चावीला 'डिलीट ऑब्जेक्ट'चा हक्कच देऊ नये आणि बकेटवर (एस-थ्रीमधल्या साठ्याच्या कप्प्यावर) व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय, चालू ठेवावं. व्हर्जनिंग नसेल तर जुन्या फाइलवर नवी लिहिली तरी जुनी गेलीच. ज्या ड्राइव्हवरून फक्त वाचायचं आहे तिथे रिमोट तयार करतानाच 'ड्राइव्ह.रीडओन्ली' हा आवाका निवडावा. ड्राइव्हवर आरक्लोन पुसलेलं सहसा कचऱ्यात टाकतं आणि तिथून ३० दिवसांत परत आणता येतं. एस-थ्रीला कचरापेटी नाही. कागदात दोन्ही रिमोटांपुढे हा फरक लिहिलेला असावा.

ड्राइव्हबद्दल आणखी: दिवसाला ७५० जीबीच चढवता येतं, त्यापुढे चूक येते आणि ती पुन्हा करून जात नाही. गूगल डॉक्सच्या फाइलींचा आकार यादीत उणे एक दिसतो, ती खराब फाइल नाही. एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली ड्राइव्ह चालवून घेतं. आणि स्वतःचा क्लायंट आयडी (गूगलकडची आरक्लोनची ओळख) काढून तो गूगलच्या परवानगीच्या पडद्यावर 'टेस्टिंग' स्थितीत ठेवला तर टोकन सात दिवसांनी मरतं. दर आठवड्याला बॅकअप थांबत असेल तर आधी हेच बघावं.

पडताळणी

कॉपीनंतर 'काम झालं' असं म्हणायचा हक्क एजंटला कधी मिळतो, ते लिहा. माझ्या मते या आज्ञेनंतरच:

आरक्लोन चेक /डेटा/संत्री ड्राइव्ह:संत्री --वन-वे --कम्बाइंड -

प्रत्येक फाइलपुढे एक चिन्ह येतं. '=' जुळली, '+' फक्त स्रोतात आहे, '*' दोन्हीकडे आहे पण वेगळी, '!' वाचताना चूक. '=' सोडून एकही ओळ आली तर काम झालेलं नाही. दोन्ही बाजूंना सामाईक हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) नसेल तर चेक नुसत्या आकारावर भागवतं आणि 'हॅशेस कुड नॉट बी चेक्ड' असं शेवटी सांगतं. ते वाक्य दिसलं तर अहवालात 'फक्त आकार तपासला' असं लिहायला लावावं. मोजक्या महत्त्वाच्या फाइलींसाठी '--डाउनलोड' लावून बाइट-बाय-बाइट तपासता येतं, पण ते सगळं खाली उतरवतं, तेव्हा शेतकऱ्यांच्या याद्यांसाठी ठीक, फोटोंसाठी नाही.

कागद तयार झाला की तो तपासायला क्लाउड खातं लागत नाही. आरक्लोन दोन स्थानिक फोल्डरांमध्येही तसंच चालतं, आणि 'अलायस' (दुसऱ्या रस्त्याचं टोपणनाव) प्रकारचा रिमोट काढून त्याला 'ड्राइव्ह' नाव दिलं की आज्ञा खऱ्यासारख्याच दिसतात. ज्यानं हा कागद आधी पाहिलेला नाही असं नवं सत्र उघडायचं आणि त्याला पाच कामं द्यायची: रिकाम्या '/डेटा'वरून सिंक, न सापडणारी 'ऱ्य'ची फाइल, टिंबं नसलेला रस्ता वापरकर्त्याच्याच तोंडून, लक्ष्याच्या आत दिलेलं बॅकअप-डिर आणि चेकमध्ये एक '*'. पाचही ठिकाणी एजंटनं थांबून नेमकं कारण सांगायला हवं. जिथे तो पुढे गेला तिथली ओळ बदलायची, सत्र बंद करायचं आणि पुन्हा नव्या सत्रात तेच काम द्यायचं. जुन्याच सत्रात विचारलं तर त्याला चूक आठवत असते, आणि कागद सुधारला की नाही ते कळत नाही.